इतिवृत्तात नाही

घुबडटेकडीच्या शाळेत, जेवणघरात,
बुधवारी साडेसातला सभा भरली, असं मी लिहिलंय.
भरली आठ वाजून दहा मिनिटांनी.
खुर्च्यांच्या खोलीची किल्ली
फुटबॉलच्या पोरांकडे होती
आणि पोरं पोर्तु आलेग्रेला मॅचला.

हजर : एकशे त्रेपन्न.
कडेवरची मुलं धरली नाहीत.
‘मी नुसता बघायला आलोय’ म्हणत
दाराला टेकलेला वाल्देसीर, तोही नाही.
सगळ्यात जास्त तोच बोलला.

नगरपालिकेचा माणूस नकाशा घेऊन आला.
नकाशात आमची टेकडी सपाट होती,
इस्त्री केल्यासारखी.
दोना झुल्मीरा उठली. बोट ठेवून म्हणाली,
हे माझं घर. आणि इथून इथवर
तुमच्या कागदावर दोन बोटं,
माझ्या गुडघ्यांत दोनशे अकरा पायऱ्या.
त्यातल्या चाळीस तर पायऱ्याही नव्हेत,
चिखलात पाय कुठं रोवायचा याचा नुसता अंदाज.

मी लिहिलं : श्रीमती झुल्मीरा यांनी
पायऱ्यांच्या कामाची मागणी मांडली.

खालच्या गल्लीला गटार हवं होतं.
जेनेझिउला बोलता येत नाही चारचौघांत.
त्यानं धाकट्या पोरीला टेबलावर उभं केलं,
तिचे मोजे काढले.
घोटे बघून बराच वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही.
शिमार्राओचा तुंबा ज्याच्या हातात होता
त्याच्याच हातात निवला.

पैसे एकाच कामापुरते.
‘एकाच का?’ कुणीतरी मागून विचारलं.
साहेब नकाशाची गुंडाळी करू लागले.
प्रश्न मी लिहून घेतलाय.
उत्तरासाठी सोडलेल्या दोन ओळी
अजून कोऱ्या आहेत.

मग हात.
मोजायला एक वरचा, एक खालचा,
आणि दोघांचे आकडे जुळता जुळेनात.
तिसऱ्या खेपेला लोकांच्या खांद्यांना रग लागली;
एका म्हातारीनं तर आपलाच उजवा हात
डाव्यानं धरून ठेवला, हट्टी बकरीसारखा.
रोझील्दाचा हात पायऱ्यांना, तिच्या नवऱ्याचा गटाराला,
दोघंही समोर बघत होते, बस थांब्यावर बघावं तसं.

गटार अठ्ठ्याहत्तर. पायऱ्या चौऱ्याहत्तर.
एक हात उठलाच नाही.
त्या हातात पेन होतं.
मी मधल्या गल्लीत राहते. वरच्यांची चढण अर्धी माझी,
खालच्यांचा वास अर्धा माझा.
एका मतानं काही बदललं नसतं,
घरी जाऊन तीनदा वजाबाकी केली.

झुल्मीरा खुर्च्या रचू लागली.
देखरेख समितीला नावं मागितली, तर
जिंकलेल्यांना एकदम घरची कामं आठवली.
‘माझं लिही,’ खुर्च्यांआडून ती म्हणाली.
जेनेझिउ चाचरला, ‘पण गटार तर तुमचं नाही.’
‘पाणी माझंच आहे ना.’

जुलैत पाइप आले, कडाक्याच्या थंडीत.
झुल्मीरा गळ्यातली टेप काढत उतरली,
जिनं तिनं निम्म्या टेकडीच्या लग्नाचे झगे बेतलेत.
कागदावर चाळीस सेंटिमीटर. टेपवर तीस.
ठेकेदार हसला. ‘बाई, कपड्याची टेप ती. ताणते.’
‘मग तुमची काढा.’
त्याची टेप गाडीत होती, गाडी गावात होती,
गावातली टेप सापडत नव्हती.
ट्रक भरला होता तसाच मागे वळला,
आणि दारादारांतून लोक बघत राहिले
खाली जाणाऱ्या पाइपांची वरात.
चाळीसवाले यायला अकरा दिवस लागले.
तेवढ्यात दोनदा पाऊस झाला. खालच्या गल्लीनं
तिला शिव्याही दिल्या, तेही खरं.

काल ती माझ्याकडे आली, धापा टाकत.
या सालच्या सभेत पहिला विषय पायऱ्या, लिही म्हणाली.
लिहिलं.
किल्ली कुणाकडे, विचारलं. माहीत नाही म्हटलं.
जाता जाता दारात थांबली,
टेपची गुंडाळी करत, माझ्याकडे न बघता :
‘या खेपेला पेन दुसरं कुणी धरेल का गं?’